टोपलीतलं अंडं

प्रिय मेतवल्ली,

"अंडं खोटं बोलत नाही, खोटं माणसं बोलतात," असं बाबा म्हणाले होते. मी अकरा वर्षांची होते आणि तू चार वर्षांचा, रिकामं पिंप ढोलासारखं बडवत बसलेला. बाबा पाण्यात मीठ ढवळत होते आणि मधूनमधून अंडं सोडून बघत होते. बुडालं की आणखी मीठ. शेवटी ते वर आलं, नाण्याएवढं टक्कल पाण्याबाहेर काढून थांबलं, आणि बाबांनी हात धुतले. त्याच पाण्यात बोई मासे पडायचे आणि वसंताच्या सणापर्यंत मुरून त्यांचा खारा फिसीख तयार व्हायचा. तूही तेच करतोस, मग तुलाच हे कशाला सांगतेय? कारण गेले आठ दिवस ते टक्कल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. फोनवर सांगायला गेले की तू "बरं बरं, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहितेय. मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

चीजच्या कारखान्यात मी आता बाटल्या धूत नाही. प्रयोगशाळेतली मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा तिथल्या प्रमुख नरमीन मॅडम मला म्हणाल्या, "इन्शिराह, तू काच फोडत नाहीस, तूच शीक." चव्वेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, शंभर ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅम मीठ घातलं तर शंभरात किती? शिकायला बसलेल्या आम्ही चौघी बायका एका सुरात ओरडलो, दहा! त्या म्हणाल्या, "मीठ काय हवेत उडालं? आता वजन एकशे दहा झालं ना? मग दहा कसे? नऊ आणि वर थोडं." आम्ही खूप हसलो. पण घरी येताना बसमध्ये माझं हसू आपोआप थांबलं. मासा म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मेतवल्ली. पिंपातलं मीठ ते पाणीही ओढून घेतं. ते आपल्या घरात कोणी कधी मोजलंय?

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना खारवलेल्या माशांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, माशातल्या सगळ्या पाण्यात मीठ शंभरात दहाच्या खाली गेलं, तर पिंपाच्या तळाशी, जिथे हवा नाही, तिथे विष तयार होऊ शकतं. वास येईलच असं नाही. चव बदलेलच असं नाही. माणसाला आधी एकाचे दोन दिसायला लागतात, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. त्या बोलत होत्या आणि मला झन्नूबा खालाचा आवाज ऐकू येत होता.

तुला खाला आठवत नसेल. आईची धाकटी बहीण, सगळ्यांना हसवणारी. मी अकरा वर्षांची होते त्याच वर्षी पिंप उघडल्यावर बाबांनी पहिला मासा नेहमीसारखा तिलाच दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात येऊन बाबांना म्हणाली, "बस्यूनीभाई, तुम्हाला जुळा भाऊ कधी झाला? दोघं सारखेच कुरूप दिसताय!" सगळं घर हसलं. मीही हसले. संध्याकाळी तिच्या पापण्या उचलेनात. आई बोटाने तिची पापणी वर धरायची आणि ती नाकातून काहीतरी बोलायची, ते कोणाला कळायचं नाही. पाणी नाकावाटे परत यायचं. घरात धूप जाळला, दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला नजर लागली, असंच सगळे आजवर म्हणतात.

त्यानंतर बाबा अंडं तरंगल्यावरही दोन ओंजळी मीठ जास्त घालायचे. का, ते कधी बोलले नाहीत. त्या दोन ओंजळी तू बंद केल्यास. मागच्या महिन्यात मी तुझ्या आवारात उभी राहून विचारलं, तर थोरल्या बहिणीला समजावल्यासारखं म्हणालास, "आब्ला, शहरातल्या गिऱ्हाइकांना सौम्य लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन येतात बिचारे. तू तुझं चीज सांभाळ, माशांना माझ्यावर सोड." आणि अंडं हवं म्हणून तू फळीवरच्या टोपलीत हात घातलास.  तू आत गेल्यावर मी भरलेल्या पिंपातलं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. हो, चोरलं. मोजायला शिकल्यावर, आठ दिवसांपूर्वी, प्रयोगशाळेत त्यात मीठ मोजायचं रसायन थेंब थेंब सोडत पाणी विटकरी होईपर्यंत मोजलं. पहिल्या दोन मोजण्या चुकल्या, त्या सोडून दिल्या. मग तीनदा नीट केलं. तिन्ही वेळा शंभरात सातही भरत नाही. मॅडमनी माझं गणित तपासलं. त्यात चूक नव्हती. चूक निघावी म्हणून मी मनातल्या मनात दुआ करत होते.

आता जे कोणालाच सांगितलं नाही, ते सांगते. तू पिंप बडवत बसला होतास त्या दिवशी बाबांनी मला खुराड्यातलं ताजं अंडं आणायला पाठवलं होतं. ती काळी कोंबडी अंड्यांवर बसली होती, चोच मारायची, मला तिची फार भीती वाटायची. मी फळीवरच्या टोपलीतलं अंडं उचललं आणि ताजं म्हणून बाबांच्या हातात ठेवलं. अंडं शिळं होत जातं तशी त्याच्या आत हवा वाढते. ते कमी मिठातही वर येतं. बाबांचं बरोबरच होतं, अंडं खोटं बोललं नाही. मी बोलले. तेहतीस वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की मी कोंबडीला घाबरले होते. त्यापुढचं मला आत्ता, गणित शिकल्यावर कळलं.

येत्या सोमवारी सण आहे. रविवारी तू पिंपं उघडशील आणि बाबांसारखाच पहिला तुकडा लाडक्या माणसाला देशील. म्हणजे तुझ्या लेकीला, रबाबला. ती आठ वर्षांची आहे, मेतवल्ली. माझ्या गणितावर विश्वास ठेवू नकोस, पण एक कर. आज घातलेलं अंडं खुराड्यातून स्वतः काढ, टोपलीतलं एक घे, आणि दोन्ही एकाच पिंपात सोडून उभा राहा. ताजं बुडताना बघ. मग सगळी, बाराच्या बारा पिंपं शेतात खड्डा करून पुरून टाक, एकही मासा न चाखता. तू नाही म्हणशील, वर्षभराची मेहनत आहे, मला ठाऊक आहे. तरीही मागतेय.

तुझीच भेदरट आब्ला,
इन्शिराह