डोळे आखलेला गणपती

हमरापूर, १२ मार्च १९९६

परवा जहाजाची सहल. आमचा सुरेश त्या जहाजावर कामाला, त्यानेच बोलावलंय. आम्ही पहिल्यांदाच जाणार म्हणून शेजारचे गणूकाका सूचना द्यायला आले. जन्म जहाजावर गेलाय त्यांचा. म्हणाले, औषधं हातातल्या पिशवीत ठेव, खोलीपासून जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेव. का, ते सांगितलं नाही.

मग त्यांना कप्तानासाठी रंगवलेली छोटी मूर्ती दिसली.

"डोळे आखलेस काय गो?"

"व्हय, सकाळीच."

"कोरीच न्यायची होती. डोळे उघडलेला देव पाण्यावर जातो तो बुडायलाच."

थोतांड! तरी डोळे पुसायला तीनदा ब्रश उचलला. हात होईना. शेवटी ठरवलं, मूर्ती घरीच राहू दे.

आणि आत्ता आठवलं. गेल्या खेपेला सुरेशने एक गणपती नेलाय, जहाजावरच्या त्याच्या खोलीत आहे. त्याचे डोळेही मीच आखलेत.