दुसरा राउटर

सोमवार, ४ मार्च
दवाखान्याच्या मुख्य राउटरचा पंखा आता कॉफी दळल्यासारखा आवाज करतो. नवा पंखा आलाय. शनिवारी बदलायचा. रीत सोपी आहे: सगळा भार दुसऱ्या राउटरवर सरकवायचा, पहिल्यावर काही उरलं नाही ना ते पाहायचं, मग बंद करायचा. फोनसुद्धा ह्यावरच चालतात, तेव्हा घाई नको.
दुसरा राउटर ख्रिसमसपासून चर्चच्या तळघरात आहे. मीच नेला, आठ दिवसांसाठी. अंथरुणाला खिळलेल्यांना रविवारची प्रार्थना घरी दिसावी म्हणून. ह्याला चोरी म्हणत नाहीत.
संकल्प: बुधवारी परत आणणे.

बुधवार, ६ मार्च
उपवासकाळातलं सूप-जेवण, तळघरातच. पास्टर लिंडविग सगळ्यांदेखत म्हणाले, आर्लनमुळे, म्हणजे माझ्यामुळे, आमच्या थोराबाईंना एक्क्याण्णवाव्या वर्षी घरबसल्या प्रार्थना मिळते. बाईंचा निरोपही सांगितला: तिसऱ्या बाकावर डुलक्या घेताना पडद्यावर दिसतो तो तूच ना, म्हणावं. सगळे हसले. अशा वेळी वायरी कशा उपटणार? वाटाण्याचं सूप दोनदा घेतलं. राउटर तिथेच.

शुक्रवार, ८ मार्च
आमची साहेब डेनीस. तिने विचारलं, दुसऱ्या राउटरची तब्येत कशी आहे रे? म्हटलं, एकदम शांत आहे. हे खोटं नाही. तरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत डोळे मिटवेनात.
संकल्प: दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याशिवायच उरकणे.

शनिवार, ९ मार्च, दुपारी १.१०
राउटर सेवेतून काढला. त्याच्यावरची डेटाची वाहतूक तीन सेकंदांत शून्य. इतक्या सफाईने आजवर झालं नव्हतं.

१.३०
स्क्रू गंजलेत. पण तक्रारीचा एकही फोन नाही. देवाची कृपा.

१.५०
पंखा उलटा बसला. पुन्हा काढला. अजून फोन नाही. लोक देखभालीचा उगाच बाऊ करतात.

३.००
राउटर चालू आहे. दोनला रिसेप्शनवरची मार्लिस आली होती, पांढरीफटक. तिलाही वाटत होतं, आज किती निवांत आहे. मग व्हर्ना टॉलेफसन दारात उभी. तुमचे फोन काय जेवायला गेलेत का, म्हणाली. नवऱ्याच्या, मर्विनच्या, छातीत दुखत होतं. अँब्युलन्सला कशाला त्रास, आधी नर्सला विचार, असं त्याचं चाललेलं. तिने वीसदा फोन लावला. शेवटी त्याला गाडीत घालून घेऊन आली.
डॉक्टर म्हणाल्या, पित्त आहे. म्हणजे नुकसान काहीच नाही.
मागचं वाक्य खोडायला हवं. अकरा मैल, बर्फातून. व्हर्ना पंचाहत्तरची आहे.

रविवार, १० मार्च
चर्चमध्ये पापांची कबुली सगळ्यांबरोबर म्हटली. एवढ्या आवाजांत कोणाचं पाप कोणतं, कळत नाही. बरं वाटलं नाही.

सोमवार, ११ मार्च
डेनीसला सगळं सांगितलं. तिने ड्रॉवरमधून कार्ड काढलं. पास्टरांचं, जानेवारीतलं: राउटर वापरायला दिल्याबद्दल दवाखान्याचे मनापासून आभार.
म्हणाली, दोन महिने वाट बघतेय, तू कधी सांगतोस. मागितला असतास तर चर्चला वेगळा घेऊन दिला असता रे.
ओरडली असती तर सोपं गेलं असतं. अहवाल मागितलाय. जे झालं ते, जसं झालं तसं.
तासभर बसलोय. तारीख लिहून झाली आहे.