डाव्या हाताचं तोरण

१२ डिसेंबर १९५८

गोल रुमाल पुरा झाला. शेवटचे खांब-टाके घातले, दोरा तोडला, पाण्यात बुडवून खाटेवर ताणून ठेवला. दिवसभर कापूस वेचून अंगात त्राण नव्हतं, पण क्रोशाची सुई हातात घेतली की डोकं गार होतं. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली आहेत, दोरा त्यात अडकतो. तरी. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच.

ह्यांनी राळेगावच्या बाजारातून बातमी आणली. तिथल्या महिला मंडळाला विणकाम शिकवायला बाई हवी आहे. आठवड्यातून तीन दुपारी. संक्रांत झाली की आपलं काम नेऊन दाखवायचं. मी विचारलं, सासूबाईंचं काय? हे म्हणाले, "मी पाह्यतो. तू तयारी कर." ह्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

२० डिसेंबर

शांताला बघायला परवा राळेगावचे पाहुणे. शांता माझी नणंद. सुई पायातला काटा काढायला असते, याच्या पलीकडे तिला काही ठाऊक नाही.

सासूबाईंनी माझी पेटी उघडायला लावली. तोरण दाराला, गोल रुमाल टेबलावर, थाळपोस पोह्यांवर, विणलेली राघूमैना चौकटीत घालून भिंतीला. सगळं शांतानं केलेलं म्हणून सांगायचं. मी हसले. सगळीकडे हेच चालतं. मला बघायला आले तेव्हा मावशीनं भरलेल्या उशा माझ्या म्हणून मांडल्या होत्या, आणि त्या कोणी ढुंकून पाहिल्या नव्हत्या.

२२ डिसेंबर

पाहिल्या. इथं मात्र वस्तू नको तितक्या पाहिल्या.

मुलाच्या आईनं शांताला चालून दाखव म्हटलं नाही, काही विचारलं नाही. उठून थेट दाराशी. तोरण उलटं करून बघितलं. मग रुमाल उजेडात धरला. मग म्हणाल्या, "पोरगी डावखुरी हाय काय?"

पोह्यांची बशी शांताच्या उजव्या हातात. मी स्वयंपाकघराच्या दारात. सासूबाईंची पापणीही हलली नाही. "हो जी. फक्त विणाले. पूजा, वाढणं, सारं उजव्यानंच करते."

बाई खूश. खांब उलट्या अंगाला कलले आहेत म्हणाल्या, गोलही उलटा फिरला आहे, असं काम आपल्या भागात दुसरं कोणाचं नाही. त्या स्वतः क्रोशा करतात. मंडळाचा विणकामाचा वर्ग त्यांच्याच हाती आहे, हे चहा पिताना कळलं. आता कुठलंही काम घेऊन गेले तरी त्या ओळखणार.

मी डावखुरी नाहीच. माहेरी यवतमाळला शेजारच्या नर्सबाईंच्या समोर बसून शिकले. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्याच्या समोर यायचा, म्हणून मीही सुई डाव्यात धरली. चूक त्यांच्या लक्षात येईपर्यंत हात बसला होता. बाकी सगळं माझं उजव्यानं. म्हणून या घरात कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, मी विणताना कोण कशाला बघतंय.

४ जानेवारी १९५९

पसंती आली. घरात पेढे. सा.बाईंनी मला आत नेऊन सांगितलं, आता बाहेरच्या माणसांसमोर सुई धरायची नाही. रुखवतापुरतं घरात बसून कर, तेही शांताच्या नावानं.

मंडळाचं विचारलं.

"तुह्या रुमालासाठी पोरीचं लगन मोडू काय?"

ह्यांच्याकडे पाहिलं. हे बैलांना पाणी पाजायला गेले. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

शिवाय हुकूम असा की लग्नाआधी शांताला डाव्या हातानं विणायला शिकवायचं. सासरी जाऊन तिनं काय करायचं नाहीतर?

९ जाने.

शांता रडते. दोरा घामानं काळा करते. "वहिनी, नाकानं विण म्हटलं तर विणीन, पण डावा हात माहं ऐकतच नाही." साखळीचा एक टाका घट्ट, एक ढिला. खांब घालताना जीभ बाहेर.

तिची साखळी उसवली की मला बरं वाटतं. वाईट आहे, पण वाटतं. मग तिचा चेहरा बघून मीच परत सुरू करून देते. लग्न तिलाही कोणी विचारून ठरवलेलं नाही.

१७ जाने.

संक्रांत झाली. मंडळात जायचे दिवस हेच होते. रुखवताचं तोरण विणत बसले आहे, मोर आणि कळ्या. पूर्वी हेच करताना गुणगुणायची. आता दर ओळीला सा.बाई येऊन बघतात, कुठवर आलं म्हणून. तोच दोरा, तीच सुई, आणि शेणगोठ्यासारखंच एक काम झालं.

२१ जाने.

एक सुचलं. उजव्या हातानं शिकले तर? ते काम मंडळात नेलं तरी कोणी माझं म्हणून ओळखणार नाही, शांताचं म्हणूनही नाही. आज शेतातल्या तुरी सोंगून आल्यावर कोठीत बसून सुरू केलं. शांता डाव्यानं, मी उजव्यानं, दोघी सारख्याच अडाणी. शांता माझी साखळी बघून इतकी हसली की सा.बाई विचारायला आल्या.

३० जाने.

उजव्या हाताचा रुमाल झाला. तळहाताएवढा. गोल म्हणून सुरू केला होता, वांग्यासारखा आला. हा नेऊन वर्ग मागितला तर मंडळातल्या पोरी हसतील. उसवून दोरा गुंडाळून ठेवला. फार रडू आलं, चुलीत फुंकर मारत बसले म्हणजे कोणी विचारत नाही.

५ फेब्रुवारी

विहीणबाई साडीचोळी घेऊन आल्या. जेवण झाल्यावर पदरातून सुई-दोरा काढला आणि शांताला म्हणाल्या, दोन ओळी करून दाखव. शांतानं केल्या. डाव्या हातानं, हळू, पण सरळ. मी शिकवलेल्या. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिच्या हातातून सुई ओढून घ्यावीशी वाटली.

विहीणबाई म्हणाल्या, लग्नानंतर मंडळातला वर्ग हिच्याकडेच देईन. दुसरी बाई कशाला शोधायची.

मी सुपाऱ्या कातरत होते. त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाले येते काय विणाले?"

सा.बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही.

"नाही जी," मी म्हटलं. "मले नाही येत."

फार प्रेमळ बाई आहेत, तीच तर पंचाईत. माझ्याजवळ येऊन बसल्या, उजव्या हातात सुई दिली, एकेक बोट वाकवून बसवलं. "अशी धराची. भेव नका." मी साखळी घातली. वाकडीच आली, त्यासाठी नाटक करावं लागलं नाही. हात हलका आहे म्हणाल्या, मंडळात येत जा, शिकवते. विहिणीला नाही कोण म्हणणार? सा.बाई म्हणाल्या, येईल की.

८ फेब्रु.

उद्या गाडी राळेगावला जाते. सा.बाई म्हणतात जा, पण डावा हात पदराखाली ठेव. हे म्हणतात, निदान बाहेर पडणं तर होईल. हे खरं आहे आणि म्हणूनच राग येतो. जिथं शिकवायला जाणार होते तिथं चटईवर बसून पहिली साखळी शिकायची. पुढं शांता वर्ग घेईल, तेव्हा तिच्यासमोरही तशीच बसायची.

भाकरी थापताना शांता जवळ आली. "वहिनी, तू येत जाशील न? मले तर दोन ओळीच येते. तू नसली तर मी तिथं उघडी पडीन."

म्हणजे शिकवायचं मीच, आणि येत नाही म्हणून शिकायलाही मीच बसायचं. तव्यावरची भाकरी उलटवली.

ह्यांनी न विचारता गाडीत माझ्या बसण्यापुरती पोती अंथरून ठेवली आहेत.