सोकोर्रो स्वतःलाच हाका मारत होती, त्याविषयी

मी, सोकोर्रो इबान्येस, पावभट्टीवाले कै. एलेउतेरिओ यांची विधवा, राहणार फुएंतेलोबेरा, जिल्हा सोरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी आणि पोटभर जेवून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. इतरांचं एवढ्यावर भागतं, माझं भागत नाही. माझा भाचा रुफिनो याने डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे की मावशीला भ्रम झाला आहे, ती तळघरात बसून दुपारभर स्वतःलाच हाका मारत होती. मृत्युपत्र रद्द करायला एवढं पुरेल, असं त्याचा वकील म्हणतो. म्हणून आधी नावाचा खुलासा.

कलम १. 'सोकोर्रो' म्हणजे मदत. सदैव धावून येणारी म्हणून मारियामातेला आमच्याकडे हे बिरुद आहे, आणि तिच्या सणाला जन्मलेल्या मुलींना ते नाव ठेवतात. पण बुडणारा माणूसही हेच ओरडतो. 'धावा' आणि मी, आम्हा दोघांना मिळून एकच शब्द. बाप्तिस्म्याच्या वेळी हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आईने मला सज्जातून पहिल्यांदा जेवायला हाक मारली तेव्हा अख्खी आळी बादल्या घेऊन धावत आली. हळूहळू लोक यायचे थांबले. मग पंचायतीने ठराव केला, की ज्याला खरोखर मदत हवी असेल त्याने दोनदा ओरडावं. त्यावर सूप गार व्हायला लागलं की आई दोनदा ओरडू लागली.

एलेउतेरिओ परगावचा, गावात नवा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईची हाक ऐकून तो पिठाच्या हातांनी आमचं दार मोडून आत शिरला. मी कोंबडीची पिसं काढत होते. वडिलांनी दार त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतलं, आणि ते काम त्याने इतकं लांबवलं की शेवटी आमचं लग्न लावून द्यावं लागलं. मूलबाळ झालं नाही. माणूस चांगला होता. लोक घाबरू नयेत म्हणून जन्मभर मला "अगं" म्हणत आला.

कलम २. त्याची पीठ मळायची लाकडी काथवट थोरली बहीण, रुफिनोची आई आंगुस्तियास हिला द्यावी, काथवटीवर तिचा डोळा होताच. आंगुस्तियास म्हणजे यातना. ती नावाला जागली.

कलम ३. आता तळघर. गेल्या हिवाळ्यात दारू काढायला उतरले आणि शिडी मोडली. पाय मुरगळला. मी ओरडले, "सोकोर्रो!" दुसरं काय ओरडणार? वरून आंगुस्तियास आणि रुफिनो चाललेले ऐकू आले. "स्वतःलाच हाक मारतेय," बहीण म्हणाली. "वय झालं." दोघं पुढे गेले. मी दोनदा ओरडले. तेही कोणाला आठवलं नाही.

शेवटी शेजारचा सातुर्निनो आला, आवाजाची तक्रार करायला. अंजिराच्या फांदीवरून आमचं तरुणपणी वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. तो वरून वाकून म्हणाला, "स्वतःला बोलावतेयस की मदत मागतेयस?"

"मदत."

"मग स्वतःचं नाव कशाला घेतेस?"

"शब्द तोच आहे, गाढवा."

त्याने विचार केला. "मला हाक मार. माझ्या नावाने."

मी पिंपाला टेकून बसले. अंगात थंडी भरली तेव्हा म्हणाले, "सातुर्निनो." तो लगेच उतरला, आणि शिडीचा उरलेला भागही गेला.

मग आम्ही दोघं तळघरात. आता तो ओरडला, "सोकोर्रो!" आणि मी सवयीने ओ दिली. वरून परतणारी आंगुस्तियास म्हणाली, "बोलायला लागली वाटतं दोघं. देव पावला." आणि हलकेच तळघराचं दार ओढून घेतलं.

आम्ही दारू प्यायलो, टांगलेलं हॅम कापून खाल्लं, अंजिराचं भांडण पहिल्यापासून पुन्हा भांडलो आणि ते अर्ध्यातच विसरलो. गावात बोभाटा झाला म्हणून पाद्री आबुंदिओ आमची कानउघाडणी करायला आले, तेव्हा आमची सुटका झाली. त्यांनी स्वतःची शिडी आणली होती.

कलम ४. म्हणून घर, अंजीर आणि फांदी सातुर्निनोला, त्याच्यामागे त्याच्या नातीला. बचतीतून तळघराला दगडी पायऱ्या कराव्यात. रुफिनोला मोडकी शिडी, दोन्ही तुकडे.

कलम ५. माझ्या थडग्यावर नाव कोरू नये, असं मी ठरवलं होतं. वाटसरू 'सोकोर्रो' वाचून कुदळ शोधायला लागेल. सातुर्निनो म्हणतो, कोरायचंच. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "निदान कोणी तरी थांबेल." निर्णय त्याच्यावर सोपवते.

वाचून पाहिलं, खाडाखोड नाही.

सही: सोकोर्रो इबान्येस

साक्षीदार: आबुंदिओ पास्तोर, पाद्री. प्रिमितिवा गिल, टपालवाली (बाईंनी सही माझ्यासमोर केली, शुद्धीवर होत्या, मला अंजिरं दिली).

फुएंतेलोबेरा, २७ जून १९९४