डॉलर म्हटलं की दोघी धावतात

तीर्थरूप मामांस, धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा अर्धाच समजा). तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम, म्हणजे निदान आज कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही.

पत्रास कारण, तुम्ही दादाच्या जनावरांच्या दवाखान्याला करून दिलेली वेबसाइट. लोकांना घरबसल्या वेळ ठरवता यावी म्हणून मी तिच्यात कॅलेंडर बसवलं. फोटो सरकवणारी तुमची जुनी स्क्रिप्ट लायब्ररी (म्हणजे आयत्या कोडचं गाठोडं) आणि कॅलेंडर चालवणारी माझी नवी, या दोघींनी (कोणाला विचारून, देव जाणे) स्वतःचं नाव एकच ठेवलेलं: डॉलरचं चिन्ह. त्या नावाने हाक मारली की मागाहून आलेली 'ओ' देते आणि दुसरीच्या कामाची वाट लावते. झालं, फोटो सरकायचे थांबून एकावर एक चढले. डोळे मांजराचे, चोच पोपटाची, अंग म्हशीचं. एका गृहस्थांचा फोन आला, "अगदी असंच आमच्याकडे आहे, कालपासून जेवलं नाही." दादाने घेऊन यायला सांगितलं. (कुत्रा निघाला. पण खरं सांगते, साम्य होतं.)

मग मी दोघींचा क्रम उलटा केला. फोटो सुतासारखे सरळ आले, पण आता तारखा पळू लागल्या. एक आजी गुरुवारच्या मागे बोट घेऊन इतक्या धावल्या, की वैतागून त्यांनी बकरी थेट आणून काउंटरवरच्या वहिनीच्या टेबलावर उभी केली. वहिनी पर्स उचलून माहेरी निघाली. दादा ओरडला, "एक तर ही वेबसाइट राहील, नाहीतर दवाखाना!" मला रडूच फुटलं.

शेवटी कळलं, लायब्ररीला एका ओळीत बजावता येतं: बाई गं, चिन्ह सोड, तुला पूर्ण नावाने बोलावू. उत्साहाच्या भरात मी दोघींनाही बजावलं. हाकेला कोणीच येईना, पान कोरं करकरीत. (वहिनी दारातूनच म्हणाली, "आता कसं छान दिसतंय!") मग नवीला चिन्ह परत दिलं, जुनीच्या प्रत्येक कामात पूर्ण नाव घातलं, आणि मामा, दोघी गुण्यागोविंदाने चालू लागल्या! वहिनीने पर्स खाली ठेवली. दादाने मला स्वतः चहा करून दिला, साखर विसरून.

मामींना नमस्कार.

तुमची,
चिंगी

ता. क. वेळ ठरली की लोकांना आपोआप 'साइटच्या मालकाचा' पत्ता जातो. साइट तुम्ही उघडलेली, त्यामुळे तो तुमच्या घरचा आहे. तेवढा तुमच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड कळवा, पत्ता बदलून टाकते.

आणखी ता. क. एक बाई कासव घेऊन तुमच्याकडे निघाल्या आहेत. कासव आहे म्हणून निवांत राहू नका, बाई मोटारीने येत आहेत.