माझी स्क्रीन हेच प्रूफ

३ जून, सकाळी ९.१०
ठरलं. मॉनिटर बदलायचा. आहे त्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आहे. मी मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, आठवड्यातले चार दिवस घरून. वर्षभर प्रत्येक सशाचा उजवा कान हिरवा दिसला, तरी कामात खोट नाही. दुसरं कोणी कौतुक करत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

महत्त्वाचं: चित्रविभागाचे प्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत. प्रकाशनाच्या मालकीणबाई म्हणाल्या, फळांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तुम्ही करा, भाज्यांचं मौनीबाबा करतील, मग नवा प्रमुख कोण ते बघू. म्हणजे माझंच ठरलंय. मौनीबाबा माझा सहकारी. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन ‘बरं’. रंग तपासायचे तर नमुना छापून घेतो आणि कागद खिडकीशी धरून बघतो. खिडकीशी!

५ जून
तक्ता तयार. मॉनिटर एक, कामं तीन: ऑफिस, गेमिंग, सिनेमे. सत्तावीस रकाने. मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना फ्रिजच समजतो. त्याने तक्ता पाहून विचारलं, ‘टेबलावर मावेल का’ हा रकाना कुठाय? असल्यांपुढे डोकं किती फोडायचं.

संध्याकाळी अठ्ठाविसावा रकाना वाढवला. मला तो आधीच सुचला होता.

८ जून, शनिवार
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवाय? चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. मग म्हणतो, एकावर तिन्ही होईल साहेब, पण मागे बटण आहे. काम, गेम, सिनेमा. जे करायचं ते लावून घ्यायचं, विसरायचं नाही. मी सांगितलं, बटणं ज्यांना स्वतःचे डोळे नाहीत त्यांच्यासाठी असतात. त्याने मला पाणी आणून दिलं. बहुतेक भारावला होता.

११ जून
अजून दोन मॉनिटरांत अडकलोय. मुखपृष्ठाला हात लावलेला नाही. बायकोने विचारलं, वीस तारखेला द्यायचंय ना? म्हटलं, हत्याराशिवाय लढाईला उतरत नाहीत. म्हणाली, फळं काढायचीयत, लढाई कसली?

मुलीबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळलो. नऊ-शून्य. शून्य मी. तिची गाडी मुद्दाम हिरव्या रेघेच्या बाजूने येते.

१४ जून
आला! चौतीस इंच, किंचित वळलेला. सेकंदाला एकशे पासष्ट चित्रं. टेबलावर मावत नव्हता असं नाही. टेबल लहान पडलं. प्रिंटर वॉशिंग मशीनवर हलवला. बायको कपडे जोरात आपटत होती.

बटण एकदा दाबून पाहिलं. ‘काम’ लावलं की सगळं मरगळलेलं, बेचव. ज्याने ते बनवलं त्याला कामाचा कंटाळा असणार. ‘सिनेमा’वर मात्र रंग काय उसळतात! तिथेच ठेवला. आता बटणाचं काम संपलं.

जुना मॉनिटर मौनीबाबाला देऊन टाकला. त्याचा त्याहून वाईट आहे. मन मोठं असावं लागतं. तो ‘बरं’ म्हणाला.

१६ जून, रविवार
दुपारी घरच्यांना बसवून एकशे पासष्ट चित्रांतला फरक समजावला. कडा बघा, झाडांची पानं बघा. मेहुणा म्हणाला, मला नाही दिसत. मी म्हटलं, दिसायला नजर तयार लागते. मुलीने सेटिंग उघडून पाहिलं. चित्रं साठच होती. पहिल्या दिवसापासून.

डोळ्यांना सवय व्हावी म्हणून मी साठवर ठेवली होती, असं सांगितलं. गेममध्ये अकरा-शून्य.

१८ जून
मुखपृष्ठ पूर्ण. सलग सात तास. स्ट्रॉबेऱ्या सुरुवातीला इतक्या लाल होत्या की डोळ्यांत खुपत होत्या. उतरवल्या. डाळिंब उतरवलं. सफरचंद दोनदा उतरवलं. मग कुठे नैसर्गिक वाटलं. संयम लागतो, तो सगळ्यांकडे नसतो.

छपाईवाल्याचा फोन. नमुना काढून पाठवू का? म्हटलं, गरज नाही, माझी स्क्रीन हेच प्रूफ. तो म्हणाला, पुन्हा विचार करा. मी म्हटलं, केला. तो म्हणाला, एवढ्यात?

२१ जून
छपाई सुरू. दोन हजार मुखपृष्ठं. प्रमुख झाल्यावर करायच्या गोष्टी: (१) खिडकीला जाड पडदा. (२) मौनीबाबाशी सौजन्याने वागणे. (३) सगळ्यांना तक्ता वाटणे.

२४ जून, दुपारी १२
गठ्ठे आले. स्ट्रॉबेऱ्या पंधरा दिवस तापाने पडून असल्यासारख्या. डाळिंबाचा कांदा झालाय. मालकीणबाईंनी गठ्ठ्यातलं एक उचललं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, ही फळं आहेत ना?

मी लगेच सांगितलं, शाई पातळ आहे. छपाईवाल्याने मौनीबाबाचं भाज्यांचं मुखपृष्ठ शेजारी ठेवलं. तेच मशीन, तीच शाई, तोच दिवस. टोमॅटो असा लाल की उचलून घ्यावा. केला कशावर? माझ्या जुन्या मॉनिटरवर. हिरवी रेघ वाटाण्यांवर आली असणार, त्यात काय मोठंसं.

दोन हजार मुखपृष्ठं रद्दीत. फळांचं मुखपृष्ठही आता मौनीबाबाच नीट करणार.

२५ जून
घरी फळांचं मुखपृष्ठ पुन्हा उघडून बसलो होतो. मुलगी स्क्रीनमागे हात घालून म्हणाली, बाबा, हे ‘सिनेमा’वर आहे. ‘काम’ लावू? मी नको म्हणेपर्यंत तिने लावलं.

समोर तेच. आजारी स्ट्रॉबेऱ्या, कांदा, सगळं. जसं छापून आलं तसंच, तंतोतंत. भडक दाखवत होती स्क्रीन, आणि मी बसून खऱ्या फळांचं रक्त काढत होतो. सात तास. मुलगी नुसती खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्याचंच जास्त वाईट वाटलं. हे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

१ जुलै
मौनीबाबा प्रमुख झाले. (‘झाले’ लिहायला हवं आता.) पहिला हुकूम: कोणतंही मुखपृष्ठ कागदावर छापून, खिडकीशी धरून पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. ऑफिसातलं माझं टेबल खिडकीपाशी हलवलंय. उजेड चांगला येतो, खोटं कशाला बोला.

जुना मॉनिटर त्यांनी परत पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘रंग बरोबर दाखवतो. रेघेची सवय होते.’ इतकं लांब ते कधी बोलल्याचं कोणाला आठवत नाही. तो पुन्हा माझ्या टेबलावर. मावतो. प्रिंटरही परत आला.

नवा मॉनिटर हॉलमध्ये गेला. काल मेहुणा त्यावर अख्खा सिनेमा पाहून गेला. जाताना दारात थांबून म्हणाला, भाऊजी, रंग मात्र झकास आहेत.

मी ‘बरं’ म्हणालो.