दोन ओळींच्या मधली जागा

अण्णा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि तुमचा राग मला आत्ता येतो आहे. होता तो आधीपासूनच, नोकरी-संसारात दबून गेला होता. परवा माझ्या मुलाने तो वर काढला, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. तुम्ही या नातवाला पाहिलेलं नाही. रामनगरच्या आमच्या घरात त्याने पुढची खोली रिकामी करून पाच स्पीकर लावले, तीन समोर, दोन पाठीमागे, आणि बरोबर मधोमध एक खुर्ची ठेवली. इथल्या पोरांच्या हिंदी-मराठीत म्हणाला, "आई, तू इथं बीच में बस. हिलू नको हं, नाहीतर सब गड़बड़ होईल." काय आहे विचारलं तर म्हणे, "चर्च का गाना. रेनेसांस के ज़माने का, पाचशे साल पुराना. वाद्य एकही नाही, नुसते गळे." गॅसवर भात होता. म्हटलं, पाच मिनिटं बसते.

भात करपला. समोरून डावीकडून एक आवाज निघाला, तो उजवीकडच्यांनी उचलला, त्यांचं संपायच्या आत पाठीमागून आणखी काही जण आत शिरले. कुणी कुणासाठी थांबत नाही आणि कुणी कुणाला झाकतही नाही. मागच्या एका बाईने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास मला माझ्या मानेशी ऐकू आला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण मी बसले होते ती जागा मला कळली. त्या जागेवर मी पूर्वी उभी राहिले आहे, हातात पन्ह्याचं तबक घेऊन.

चैत्रातली वसंतपूजा, दूधविनायकाच्या आपल्या गल्लीतल्या देवळाचा मंडप. वैदिकांच्या दोन ओळी समोरासमोर बसल्या आहेत. एका ओळीने मंत्र म्हणायचा, दुसरीने पुढचा उचलायचा. आम्ही मुलींनी मधून पन्हं देत जायचं. घरी तुम्ही शिष्यांना शिकवायचात तेव्हा मी स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून कणीक मळायची. भिंतीतून सगळं यायचं, पण एकाच बाजूने आणि दबलेलं. इथे मात्र दोन्हीकडून आवाज यायचा आणि माझ्या अंगातून जायचा. मी मुद्दाम हळू चालायची. तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "पाय उचल." एवढंच माझ्या वाट्याचं मधलं आयुष्य, अण्णा. बारा पावलं जायची आणि बारा यायची.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी शेवटचा घन, म्हणजे मंत्राचा घनपाठ, तुम्ही एकट्याने म्हणत होतात. शब्द पुढे न्यायचे, उलटे आणायचे, पुन्हा पुढे न्यायचे. मध्येच तुम्ही चुकलात. तेच दोन शब्द संहितेत दुसरीकडेही येतात आणि तुमची जीभ तिकडे वळली. तुमच्या लक्षात आलं, तुम्ही थांबलात, पण परतीचा शब्द काही सापडेना. समोरची ओळ तुमचा मान राखून गप्प, तुमचे शिष्य तुमच्या धाकाने गप्प. मी मधोमध उभी होते. मी शब्द सांगितला. तुम्ही तो घेतलात आणि घन पुरा केलात, एकदाही माझ्याकडे न बघता.

घरी आल्यावर म्हणालात, "तुला पन्हं द्यायला पाठवलं होतं." बस्, एवढंच. कुठून शिकलीस, किती येतं, एक प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी सुताराने स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी लावली, शिकवताना ते बंद राहावं म्हणून. पुढच्या वर्षी तबक शेजारच्या मुलीकडे गेलं. आणि मला तुम्ही ट्रान्झिस्टर आणून दिलात. "ऐकण्याची हौस आहे ना, ऐक." पुरीएवढा त्याचा स्पीकर. आई म्हणाली, बघ किती माया आहे यांची. मला तो घाटावरून नदीत फेकून द्यावासा वाटला होता. मी त्यावर तेवीस वर्षं बातम्या ऐकल्या.

परवा मुलगा सहज सांगत होता, "उस ज़माने में चर्चमध्ये लेडीज़ को गाने नहीं देते थे, आई. वरचे सूर छोटे लड़के गायचे." म्हणजे तिथेही तुम्हीच! समुद्रापलीकडे, पाचशे वर्षांपूर्वी, कुणीतरी पोरगी भिंतीला कान लावून बसलीच असणार. मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. मुलगा घाबरला, "क्या हुआ?" काय सांगू त्याला? या रेकॉर्डिंगमध्ये वरचे सूर बायकाच गातात, आणि कोणत्याही देवळाचं छप्पर पडलेलं नाही. मीच सांगितलेल्या शब्दावर तुमचा घन पुरा झाला आणि तुम्हाला शिष्य हवे होते तर घरातली एक तयार शिष्या तुम्ही कडी लावून आत कोंडलीत. मला तुमच्या ओळीत बसायचं होतं. हे मी कुणाजवळ बोललेही नाही.

आता मी रोज दुपारी त्या खुर्चीवर बसते. मुलाला सांगून ठेवलंय, या वेळेला तिथे कुणी बसायचं नाही. गाणं संपतं तेव्हा शेवटचा सूर त्या चर्चच्या घुमटात फिरत राहतो आणि मग पाचही बाजूंनी शांतता ऐकू येते. तीच मला सहन होत नाही. हे पत्र मी स्पीकरच्या रिकाम्या खोक्यात टाकून देणार आहे, तुम्हाला कुठे पाठवू? पण वर एक गोष्ट पुरी लिहिलेली नाही. तुम्ही अडकलात तेव्हा तशीच शांतता पडली होती, आणि शब्द मला त्याच क्षणी आठवला होता. मी आधी समोरच्या ओळीत तीन पेले ठेवले, एकेक करून, सावकाश. मग सांगितला.